हेलपाटा टाळायचा असेल तर: महाविद्यालयीन ग्रंथालयातले शब्द कामाच्या क्रमाने

पुस्तक ग्रंथालयात असते, विद्यार्थी काउंटरपर्यंत पोहोचलेला असतो, आणि तरीही दोघांची गाठ पडत नाही. बहुतेक वेळा अडते ते शब्दापाशी. कधी शब्द चुकलेला असतो. कधी शब्द बरोबर असतो, पण त्याचा अर्थ दुसऱ्या विभागातला असतो. देवघेव काउंटरवर ‘इश्यू’ म्हणजे पुस्तक घरी नेणे, तर नियतकालिकांच्या विभागात ‘इश्यू’ म्हणजे मासिकाचा एक अंक. ‘रिझर्व्ह’, ‘रेफरन्स’, ‘व्हॉल्यूम’, ‘ओपन ॲक्सेस’ या शब्दांचीही हीच गत आहे.

हे शब्द अकारविल्हे पाठ करून फायदा होत नाही. काम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने ते शिकावेत: आधी शोध, मग रॅक, मग काउंटर, मग नियतकालिके, ई-साधने आणि शेवटी नोंद. खाली तोच क्रम घेतला आहे. उदाहरणासाठी ‘कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी साखर कारखाने’ हा एकच विषय शेवटपर्यंत वापरला आहे.

तयारी: घरून निघण्यापूर्वी

शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते. चंदगड किंवा आटपाडीहून एसटीने येणाऱ्याचा पूर्ण दिवस त्यात जातो. म्हणून पुढचे काम घरीच उरकून निघावे.

१. विषय एका वाक्यात लिहा. ‘साखर’ हा विषय होत नाही. ‘सहकारी साखर कारखान्यांचा ग्रामीण अर्थव्यवस्थेवरील परिणाम’ हा होतो.

२. शब्दांच्या तीन याद्या करा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि मराठी शब्दांची रोमन लिपीतली रूपे. तिसरी यादी बहुतेक जण करत नाहीत आणि मग ‘पुस्तकच नाही’ म्हणून परत जातात. अनेक ग्रंथालयांच्या संगणकात मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत भरलेली असतात. त्यातही ‘शेतकरी’सारखा शब्द कुठे ‘त’नंतर इंग्रजी ‘ए’ हे अक्षर घालून लिहिलेला असतो, कुठे न घालता. दोन्ही स्पेलिंग लिहून ठेवा.

३. ओळखपत्र आणि ग्रंथालयाचे कार्ड घ्या. जुने लोक ज्याला बीटी कार्ड म्हणतात ते बॉरोअर्स टिकेट, म्हणजे पुस्तक घरी नेण्याचा परवाना. बाहेरच्या महाविद्यालयाचे असाल तर आपल्या ग्रंथपालांचे पत्र घ्या. अशा वाचकाला बहुधा बसून वाचता येते, पुस्तक घरी नेता येत नाही.

तपासा: देवघेव काउंटरची वेळ आणि वाचनकक्षाची वेळ एकच असते असे समजू नका. वाचनकक्ष उघडा आणि काउंटर बंद, असे होऊ शकते. फोन करताना दोन्ही वेळा विचारा.

टप्पा १: ओपॅकमध्ये शोध

ग्रंथालयाची संगणकीय तालिका म्हणजे ओपॅक. तालिका म्हणजे ग्रंथालयात काय आहे याची नोंद. पुस्तकाचा मजकूर तिच्यात नसतो. गूगलसारखे लांब वाक्य तिथे टाईप केले की निकाल शून्य येतो, कारण ओपॅक बहुतेक नाव, लेखक, विषय, प्रकाशक इतक्याच रकान्यांत पाहतो. मागे कोहा, सोल किंवा स्लिम यांपैकी कोणतीही प्रणाली असली तरी पद्धत हीच.

क्रम असा ठेवा:

१. आधी ‘कीवर्ड’ शोध. दोन शब्द पुरेत: सहकार, साखर.

२. उपयोगी वाटणारी एक नोंद उघडा आणि तिच्यातला ‘सब्जेक्ट’ रकाना वाचा. तिथे विषय-शीर्षक असते, म्हणजे त्या विषयासाठी ग्रंथालयाने ठरवलेला एकच शब्द.

३. त्या विषय-शीर्षकावर क्लिक करा. लेखकाने पुस्तकाच्या नावात ‘साखर’ शब्द वापरला नसला तरी पुस्तक आता दिसेल. कीवर्ड आणि विषय-शीर्षक यांच्यातला हा फरक कळला की शोधाचे निम्मे काम झाले.

मराठीत शोधताना सामान्यरूपाचे भान ठेवावे लागते. शब्दाचा शेवट मोकळा ठेवण्यासाठी तारांकन वापरतात, त्याला ट्रंकेशन म्हणतात. ‘कारखाना’ हा पूर्ण शब्द टाकला तर ‘कारखान्यांचे’ सुटते. ‘कारखान*’ टाकले तर दोन्ही सापडतात. ‘ऊस’ हा शब्द आणखी फसवतो, कारण त्याचे सामान्यरूप ‘उसा-’ असे ऱ्हस्व होते. ‘ऊस*’ टाकून ‘उसाची शेती’ कधीच मिळणार नाही. ‘ऊस’ आणि ‘उस*’ असे दोन वेगळे शोध घ्या. तारांकन सगळ्या प्रणालींत चालत नाही, म्हणून आधी खात्रीने असलेल्या एका पुस्तकावर ते आजमावून पाहा.

शब्द जोडण्यासाठी ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ वापरतात. ‘अँड’ने निकाल कमी होतात, ‘ऑर’ने वाढतात. ‘नॉट’ जपून वापरा. समजा कोल्हापूरचे राजर्षी शाहू हवे आहेत आणि साताऱ्याचे छत्रपती शाहू नकोत, म्हणून ‘शाहू नॉट सातारा’ टाकले. ज्या पुस्तकाच्या नोंदीत कोल्हापूरबरोबर सातारा हा शब्दही आहे तेही त्यामुळे गळेल. अशा वेळी अधिकृत नामनोंद कामी येते. ऑथॉरिटी फाइल म्हणतात ती हीच. तिच्यात एकाच नावाच्या दोन व्यक्ती जन्ममृत्यूच्या वर्षांनी वेगळ्या केलेल्या असतात: एक शाहू १६८२–१७४९, दुसरे १८७४–१९२२. हवी ती नोंद निवडा, ‘नॉट’ची गरजच उरत नाही.

सावध: जुना संग्रह पूर्णपणे संगणकावर आलेला असेलच असे नाही. तिथे १२.५ × ७.५ सेंटिमीटरच्या कार्डांची तालिका अजून उपयोगी पडते. लेखक-कार्डावर आडनाव आधी असते. ‘पाहा’ असे लिहिलेले कार्ड सांगते की हा शब्द वापरलेला नाही, दुसरीकडे जा. ‘हेही पाहा’ म्हणजे इथे आहेच, शिवाय तिथेही आहे.

टप्पा २: तीन क्रमांक वेगळे ओळखा

सगळ्यांत जास्त चुका या टप्प्यावर होतात. ओपॅकच्या एका नोंदीत निदान तीन क्रमांक दिसतात. घाईत त्यांतला चुकीचा उतरवला जातो.

दाखल क्रमांक, म्हणजे ॲक्सेशन नंबर. पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे झाले की दाखल नोंदवहीत त्याला हा क्रमांक मिळतो. तो प्रत्येक प्रतीला स्वतंत्र असतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाच दाखल क्रमांक. पुस्तक रॅकवर कुठे आहे हे त्यावरून मुळीच कळत नाही. देवघेव, दंड आणि हरवलेले पुस्तक यांसाठी मात्र हाच लागतो.

कॉल नंबर. हा पुस्तकाचा रॅकवरचा पत्ता. पाचही प्रतींचा कॉल नंबर बहुधा एकच. त्याचे मुख्य भाग दोन: वर्गांक म्हणजे विषयाचा क्रमांक, आणि ग्रंथांक म्हणजे त्या विषयातले नेमके पुस्तक. आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांत ग्रंथांकासाठी लेखकाच्या आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे घेतात. त्यावर ‘आर’ हे अक्षर असेल तर पुस्तक संदर्भ विभागात, ‘टी’ असेल तर बहुधा प्रबंधांत. त्याला संग्रहांक म्हणतात. ही अक्षरे ग्रंथालयागणिक बदलतात, म्हणून दाराजवळचा तक्ता वाचून घ्या.

आयएसबीएन. हा प्रकाशकाने त्या आवृत्तीला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्यापूर्वी दहा अंकी होता. पुस्तक विकत घ्यायला किंवा ग्रंथपालांकडे नव्या पुस्तकाची शिफारस करायला तो उपयोगी. रॅकशी त्याचा संबंध नाही.

चिठ्ठीवर या क्रमाने लिहा: कॉल नंबर, लेखकाचे आडनाव, पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक, आणि ओपॅकवरची स्थिती. स्थिती ‘अव्हेलेबल’ असेल तरच रॅककडे वळा. ‘चेक्ड आउट’ म्हणजे कोणीतरी नेले आहे. ‘नॉट फॉर लोन’ म्हणजे तिथेच बसून वाचायचे. ‘विथड्रॉन’ म्हणजे पुस्तक संग्रहातून अधिकृतपणे काढून टाकले आहे, त्याला निर्लेखन म्हणतात. ते शोधत बसू नका.

तपासा: चिठ्ठीवर दशांश टिंब नीट उतरले आहे ना? ३३८.९ आणि ३३.८९ यांत भलतेच अंतर आहे.

टप्पा ३: रॅकपर्यंत पोहोचणे

बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालये ड्युई दशांश वर्गीकरण वापरतात. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, ००० ते ९००. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२.

१. आधी पूर्णांक जुळवा, दशांश टिंबापर्यंतचा.

२. मग टिंबानंतरचे अंक एकेक करून डावीकडून उजवीकडे ताडून पाहा. इथेच घोळ होतो. ३३८.९५४७९२ हा क्रमांक ३३८.९६ च्या आधी येतो. लांबलचक संख्या पाहून लोक ती मोठी समजतात आणि पुढच्या रॅककडे जातात. पण पहिला अंक ९ दोन्हींत सारखा आहे, दुसरा एकीकडे ५ आणि दुसरीकडे ६. निकाल तिथेच लागला. (तो लांब क्रमांक म्हणजे महाराष्ट्राचा आर्थिक विकास. शेवटचे ५४७९२ हे महाराष्ट्राचे अंक आहेत आणि ते इतर विषयांनाही असेच जोडले जातात.)

३. वर्गांक जुळला की ग्रंथांकाची अक्षरे पाहा. आपल्या भागात ‘पाटील’ आडनावाचे लेखक इतके की ‘पी-ए-टी’ लेबलची पुस्तके ओळीने मिळतील. तिथे नाव वाचूनच उचला.

आता आपला विषय घ्या. उसाची शेती ६३३.६१ वर, साखरनिर्मितीचे तंत्र ६६४.१ वर, सहकार ३३४ वर. एकाच कारखान्याशी संबंधित पुस्तके तीन रॅकवर विखुरलेली असतात. ३३४ पाशी जाऊन ‘ग्रंथालयात एवढेच आहे’ असे ठरवणे ही नेहमीची चूक. वर्गीकरण विषयाकडे पाहण्याच्या अंगाप्रमाणे होते, वस्तूप्रमाणे होत नाही. म्हणून टप्पा १ मध्ये सापडलेल्या प्रत्येक नोंदीचा वर्गांक वेगळा लिहून घ्या आणि तिन्ही ठिकाणी जा.

ग्रंथसंग्रहात वाचकाला स्वतः जाता येत असेल तर ती मुक्तद्वार पद्धत, इंग्रजीत ओपन ॲक्सेस. जाता येत नसेल तर मागणीपत्र भरून कर्मचाऱ्याकडे द्यायचे. अशा ठिकाणी एका वेळी एकच चिठ्ठी न देता सगळ्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या एकत्र द्या.

सावध: काढलेले पुस्तक स्वतः रॅकवर परत ठेवू नका, टेबलावर ठेवा. एका खणाने चुकलेले पुस्तक हरवल्यातच जमा असते. ओपॅक ते ‘अव्हेलेबल’ दाखवत राहतो आणि पुढच्या वार्षिक मोजणीपर्यंत ते कोणाला सापडत नाही.

टप्पा ४: काउंटरवर नेमका शब्द

‘पुस्तक पाहिजे’ असे म्हटले की कर्मचाऱ्याला चार प्रश्न विचारावे लागतात. नेमकेपणाने मागा.

इश्यू: घरी नेण्यासाठी. शिक्क्यावरची किंवा संदेशातली ‘ड्यू डेट’ परतीची तारीख असते आणि ती धरूनच परत करायचे. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक ‘ओव्हरड्यू’ होते.

रिन्यू: तेच पुस्तक पुन्हा मुदतीसाठी. मुदत संपण्याआधी करायचे. दुसऱ्या कोणी मागणी नोंदवली असेल तर रिन्यू होत नाही.

होल्ड: बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी आपला नंबर लावणे. काही ठिकाणी यालाच ‘रिझर्व्ह’ म्हणतात. पण ‘रिझर्व्ह कलेक्शन’ ही निराळी गोष्ट आहे. शिक्षकांनी अभ्यासक्रमासाठी बाजूला काढून ठेवलेली, बाहेर न देण्याची किंवा काही तासांसाठीच देण्याची ती पुस्तके. ‘रिझर्व्हमध्ये आहे’ असे उत्तर मिळाले की कोणत्या अर्थाने, ते विचारा. नंबर लावून वाट पाहायची की आत्ता बसून वाचायचे, हे त्यावर ठरते.

रेफरन्स: इथे अर्थ संदर्भ विभाग, म्हणजे कोश, गॅझेटिअर, वार्षिके. प्रबंधाच्या शेवटी द्यायचे ‘रेफरन्स’ वेगळे. ‘माझ्या प्रबंधासाठी रेफरन्स बुक पाहिजे’ असे सांगितले तर कर्मचारी तुम्हाला शब्दकोशांकडे पाठवेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

बुक बँक: सत्रभर किंवा वर्षभर क्रमिक पुस्तकांचा संच देण्याची योजना. रोजच्या देवघेवीहून हिचे नियम आणि नोंदवही वेगळी.

पुस्तक या ग्रंथालयात नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेव विचारा. ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयातून ते मागवू शकतात. कुठे आहे हे पाहण्यासाठी संघ-तालिका, म्हणजे अनेक ग्रंथालयांची एकत्रित तालिका असते. भारतातल्या विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटची (विद्यापीठ अनुदान आयोगाचे ग्रंथालये जोडणारे केंद्र) इंडकॅट ही अशी तालिका आहे.

टप्पा ५: नियतकालिके

लेख शोधताना ओपॅक अपुरा पडतो. त्यात मासिकाचे नाव मिळते, आतला लेख मिळत नाही. लेखासाठी पाच गोष्टी लागतात: लेखाचे नाव, नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड आणि अंक, पृष्ठे. ‘खंड ४७, अंक ३, पृ. ११२–१२९’ इतके लिहून आणले की लेख हातात यायला वेळ लागत नाही.

नियतकालिकाचा खंड म्हणजे बहुधा एका वर्षाचे सगळे अंक, तर ग्रंथाचा खंड म्हणजे मोठ्या ग्रंथाचा एक भाग. इंग्रजीत दोन्हींना ‘व्हॉल्यूम’च. चालू वर्षाचे सुटे अंक मांडणीवर असतात. मागच्या वर्षांचे अंक एकत्र बांधून ठेवतात, ते बाउंड व्हॉल्यूम. मधले काही महिने अंक बांधणीला गेलेले असतात. ते मांडणीवरही नसतात आणि कपाटातही नसतात, म्हणून ‘बाइंडिंगला गेले आहेत का’ हे आधी विचारावे.

आयएसएसएन हा आठ अंकांचा क्रमांक संपूर्ण नियतकालिकाचा असतो. प्रत्येक अंकावर तोच छापलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावरून लेख सापडत नाही. एका लेखाचा स्वतःचा क्रमांक म्हणजे डीओआय, तो नेहमी ‘१०.’ ने सुरू होतो.

टप्पा ६: ई-साधने आणि प्रबंध

इथे ‘ओपन ॲक्सेस’चा अर्थ बदलतो: कोणालाही फुकट वाचता येणारा लेख. कुलूप दिसले तर तो वर्गणीचा, आणि वर्गणी तुमच्या संस्थेने भरलेली आहे का ते पाहावे लागते. स्वतःचे पैसे भरण्याआधी नेहमी ग्रंथपालांना विचारा.

१. परिसरातल्या नेटवर्कवर लेख उघडतो आणि घरी उघडत नाही, याचे कारण आयपी पत्ता. संस्थेच्या पत्त्यावरून आलेल्यालाच प्रकाशक आत घेतो. घरून वाचायला ‘रिमोट ॲक्सेस’चे खाते लागते. ते ग्रंथालय देते, मागून घ्या.

२. एन-लिस्ट ही महाविद्यालयांना ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके देणारी इन्फ्लिबनेटची योजना आहे. तिचे लॉगिन प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीची केंद्र सरकारची वेगळी योजना. तुमची संस्था कोणत्या योजनेत आहे हे नावानिशी विचारा.

३. पूर्ण झालेले पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर, चालू संशोधनाचे आराखडे शोधगंगोत्रीवर. विषय ठरवताना दोन्ही पाहावेत. शोधगंगावर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. फक्त पहिली फाइल उतरवून ‘प्रबंध अर्धवट आहे’ असे समजू नका, यादी खालपर्यंत पाहा.

सावध: डेटाबेस आणि ई-जर्नल एक नाही. डेटाबेस अनेक नियतकालिकांत एकदम शोधतो आणि कधी फक्त गोषवारा दाखवतो. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ वाचून पूर्ण लेखाचा संदर्भ देणे ही गंभीर चूक आहे. ‘फुल टेक्स्ट’ची खूण पाहा.

संस्थानकालीन मूळ कागद हवे असतील तर ग्रंथालयाची ही भाषा चालणार नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात कॉल नंबर विचारून काम होत नाही. तिथे दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), फाइल असे शब्द आहेत आणि पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. आधी परवानगी, मग सूची, मग मागणी, हा तिथला क्रम.

टप्पा ७: पुस्तक परत करण्याआधीची नोंद

संदर्भसूचीसाठी लागणारी माहिती पुस्तक हातात असतानाच उतरवा. नंतर एका प्रकाशनवर्षासाठी पुन्हा यावे लागते. मुखपृष्ठावरून लिहू नका. आतले शीर्षकपान आणि त्याच्या मागची बाजू पाहा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, सुधारित आवृत्तीत मजकूर आणि पृष्ठांक दोन्ही बदलतात. मराठी प्रकाशनांत निव्वळ पुनर्मुद्रणालाही ‘दुसरी आवृत्ती’ छापण्याची सवय आहे, म्हणून ‘सुधारित’ किंवा ‘वाढवलेली’ हा शब्द आहे का ते पाहा. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे प्रकाशन असेल तर ७९.

‘ग्रंथसूची’ म्हणजे विषयावरच्या ग्रंथांची यादी, ‘संदर्भसूची’ म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष वापरलेल्या साधनांची, आणि पुस्तकाच्या शेवटी पृष्ठांकांसह असते ती शब्दसूची किंवा ‘इंडेक्स’. नियतकालिक ‘इंडेक्स्ड’ आहे असे म्हणतात तेव्हा त्याचा या पानाशी संबंध नसतो. ते एखाद्या डेटाबेसमध्ये नोंदलेले आहे, एवढाच अर्थ.

प्रबंध देताना ‘सिमिलॅरिटी’ अहवाल मागतात. तो जुळणाऱ्या मजकुराचे प्रमाण सांगतो. चोरी झाली की नाही हे माणसाने ठरवायचे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर असे तीन स्तर आहेत.

टप्पा ८: नो ड्यूज

निकाल, दाखला किंवा अनामत परत घेण्यासाठी ग्रंथालयाचा ‘नो ड्यूज’, म्हणजे काही येणे बाकी नसल्याचा दाखला लागतो. त्यासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. पुस्तक हरवले असेल तर आधी लेखी कळवा, म्हणजे कळवल्यानंतरच्या विलंबाबद्दल ग्रंथपालांना निर्णय घेता येतो. बदली प्रत द्यायची असेल तर तीच आवृत्ती की नवी चालेल, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. पुस्तक परत केल्यावर आपल्या खात्यातून तो दाखल क्रमांक उतरला आहे हे काउंटर सोडण्याआधी पडद्यावर पाहून घ्या.